रेंज

झरी गेलं की खिशातला फोन थरथरतो.
उपाशीपोटी एकशे चौदा.
मशीनवर माझं बोट तसंच थांबतं.
"मास्तर, जिंतूर दोन, एक हाफ,"
म्हातारा शंभराची नोट नाकाशी धरून उभा.

सात वर्षं हे काम माझं होतं.
पहाटे चारची ड्यूटी, त्याआधी मित्राची सुई.
डोळे न उघडता ती दंड पुढं करायची,
झोपेतला पासवाला खिशातून पास काढतो तसा.
औषध वाळूच्या डेऱ्यात, ओल्या फडक्याखाली,
कारण परभणीच्या मे महिन्यात
लाईटीचा भरवसा कुणी धरत नाही.
आकडे मी दोनशे पानी वहीत लिहायचो,
तारीख, वेळ, भाकरी किती, युनिट किती,
वेबिल भरावं तसं, खाडाखोड न करता.

आता ती पंधराची.
दवाखान्यातल्या कवठेकर मॅडमनी तिच्या फोनात ॲप टाकून दिलं.
मला म्हणाल्या, "आता गाडी तिच्या हातात.
तुम्ही फक्त घंटी मारायची."
मी हसलो. घरी येऊन डेऱ्यातली वाळू उगीच दोनदा भिजवली.

येलदरीच्या घाटात रेंज जाते.
तेवढा वेळ माझी लेक कुठल्याच आकड्यात नसते.
धरणाचं पाणी दिसतं, मग तेही मागं जातं,
अन् सेनगावच्या अलीकडं
आकडे एकदम उतरतात, शाळा सुटल्यासारखे.

तिसऱ्या आठवड्यात उतरले ते असे :
एकशे दहा. एकशे बारा. एकशे आठ. एकशे दहा.
बावीस वर्षं रोकड मोजलेल्या माणसाला कळतं,
खरा हिशेब इतका गुळगुळीत नसतो.
खऱ्या हिशेबात दोन रुपये कमी भरतात,
एखादी चिकटवलेली नोट निघते.

रात्री डबीतल्या पट्ट्या मोजल्या.
पन्नास.
दहा तारखेलाही पन्नासच होत्या.

ती गच्चीवर होती. मी चेकरसारखा समोर जाऊन उभा राहिलो.
काही विचारायच्या आधीच ती खाली गेली,
पत्र्याच्या पेटीतून माझी जुनी वही घेऊन आली,
बरोबर ते पान काढून.
संपाचे दिवस. पगार नव्हता.
एकशे तीस. एकशे तीस. एकशे अठ्ठावीस.
मॅडम रागावतील म्हणून.
"अक्षर तुमचंच हाय ना, पप्पा?"

"पट्ट्या नव्हत्या तेव्हा," मी म्हणालो.
"मला मन नव्हतं," ती म्हणाली.
"वर्गात सगळ्या पोरी डबा उघडतात अन् खातात.
मी आधी बाथरूमला जायचं, बोट टोचायचं.
काहून मीच?"

शेजारी कुणी बोअरची मोटर सुरू केली.
तिच्या आवाजात आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.
उत्तर माझ्याकडं नव्हतं, वहीतही नव्हतं.

मग तिनं स्वतःच पट्टी काढली.
टोचलं. थेंब यायला वेळ लागला.
तीनशे सहा.
स्क्रीन लाल झाली, तिचा चेहरासुद्धा.
अंगठा जरा अडखळला, मग तीन, शून्य, सहा.
मी हातभर अंतरावर बसलेलो,
तरी माझा खिसा थरथरला.

तिनं युनिट मोजले. शर्ट वर करून पोटाला सुई लावली.
माझा हात कापसाकडं गेला
आणि रिकामाच परत आला.
त्या हाताचं काय करायचं, अजून ठरलं नाही.

आज येलदरीला रेंज गेली, तशी रोज जाते.
मी तिकिटं फाडली, सुट्ट्यावरनं एकाशी भांडलो.
सेनगावच्या अलीकडं फोन थरथरला :
दोनशे एकोणीस.
खाली लिहिलेलं, "उतरायलंय.
फोन करू नका, गणिताचा तास हाय."

दारातली बाई म्हणाली, "मास्तर, गाडी सोडा की,
सगळे चढले कवाचे."
मी दोरी दोनदा ओढली.